डोंगरावरची मोजणी, बांधावरची मोजणी

हिंगणघाट म्हटलं की विदर्भाबाहेरच्या माणसाला कापूस आठवतो. भारताच्या नकाशाचा इतिहास वाचताना मात्र हे गाव वेगळ्याच कारणाने समोर येतं. २० जानेवारी १८२३ रोजी विल्यम लॅम्ब्टन हा इंग्रज मोजणी अधिकारी इथे वारला. हैदराबादचा मुक्काम हलवून तो नागपूरकडे निघाला होता. वय झालेलं, छातीच्या दुखण्याने शरीर पोखरलेलं. वीस वर्षांपूर्वी मद्रासजवळ सुरू केलेली मोजणी त्याला उत्तरेकडे न्यायची होती. वाटेत हिंगणघाटला तळ पडला आणि त्याचा प्रवास तिथेच संपला. त्याची कबरही तिथेच आहे. पुढे ज्या मोजणीतून एव्हरेस्टची उंची ठरली आणि जिच्या आधारावर देशाची नकाशा-पत्रकं आखली गेली, ती सुरू करणारा माणूस वर्धा जिल्ह्याच्या मातीत आहे, हे आपल्या शाळांतून सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

जुन्या नकाशांचे स्कॅन पाहण्याचा मला नाद आहे. रात्री जेवणं उरकली की लॅपटॉप उघडायचा, एखादं पत्रक उतरवून घ्यायचं आणि ते मोठं करत करत एखाद्या ओढ्याच्या उगमापर्यंत जायचं. हे करता करता एक गोष्ट मनात पक्की होत गेली. आपल्या देशाची मोजणी दोनदा झाली. एक डोंगराच्या माथ्यावरून, दुर्बिणीतून. दुसरी शेताच्या बांधावरून, साखळीने. दोन्ही सरकारनेच केल्या, साधारण एकाच शतकात केल्या, पण त्या करणारी खाती वेगळी, माणसं वेगळी आणि हेतूही वेगळे. त्या दोन मोजण्या एकमेकींना नीट भेटल्याच नाहीत. आज त्या स्कॅन होऊन एकाच पडद्यावर येत आहेत, आणि त्यांच्यातलं अंतर पहिल्यांदाच सर्वांच्या डोळ्यांसमोर उघडं पडतं आहे.

पहिली गोष्ट डोंगरावरची.

लॅम्ब्टनच्या आधी जेम्स रेनेल होता. १७६७ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्याला बंगालचा सर्व्हेअर जनरल नेमलं. सर्व्हे ऑफ इंडिया, म्हणजे देशाचे नकाशे काढणारं सरकारी खातं, आपला जन्म त्याच वर्षापासून मोजतं. रेनेलची मोजणी वाटेवरची होती. रस्त्याने, नदीने जायचं, अंतर मोजायचं, दिशा टिपायची, अधूनमधून अक्षांश काढायचा. फौज कुठून न्यायची आणि नाव कुठवर जाते, हे कळण्यापुरतं ते पुरेसं होतं. वाटेपासून दूर असलेला मुलूख ऐकीव माहितीवर भरला जायचा.

लॅम्ब्टनने वेगळा हट्ट धरला. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ त्याने पायारेषा, म्हणजे पहिल्या त्रिकोणाची जमिनीवर मोजलेली बाजू, मोजायला घेतली. सुमारे साडेसात मैल. हत्यार म्हणजे शंभर फुटी पोलादी साखळी, अडीच-अडीच फुटांच्या चाळीस कड्यांची. ही साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून गेली होती. तिथे तिची कदर झाली नाही, म्हणून ती कलकत्त्याला आली आणि तिथून लॅम्ब्टनच्या हातात. उन्हाने पोलाद लांबतं, म्हणून ती लाकडी पेट्यांमध्ये, तिकाटण्यांवर आधार देऊन ठेवायची, शेजारी थर्मामीटर, वर सावली. एकदा ती पायारेषा हाती आली की पुढे जमीन मोजायची गरजच उरत नाही. दोन टोकांवरून तिसऱ्या टेकडीकडे पाहायचं, कोन टिपायचे, त्रिकोण सोडवायचा, त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभा करायचा. दोन वर्षांनी बंगळूरजवळ पुन्हा पायारेषा मोजून पडताळा घेतला, तेव्हा गणिताने आलेली लांबी आणि साखळीने आलेली लांबी यांत काही इंचांचाच फरक निघाला. मध्ये जवळपास दोनशे मैलांचा मुलूख होता. कागदावर हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

कोन टिपणारं यंत्र म्हणजे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट. इंग्लंडहून येताना ते जहाज फ्रेंचांनी पकडलं आणि यंत्र मॉरिशसला नेलं. ते काय आहे हे कळल्यावर तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानाने परत पाठवलं. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळाच्या गोपुरावर ते चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याचं वर्तुळ वाकलं. लॅम्ब्टन तंबूत शिरला आणि काही आठवडे खपून त्याने ते वर्तुळ स्वतःच्या हाताने पुन्हा गोल केलं. पुढची कित्येक वर्षं त्याच यंत्राने काम चाललं.

पुढचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात सांगतो. लॅम्ब्टनच्या मागे जॉर्ज एव्हरेस्टने साधारण ७८ रेखांशालगतची ती लांबलचक त्रिकोणांची माळ १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्याला नेली. गंगेच्या सपाट मुलखात टेकड्या नव्हत्या तिथे त्याने विटांचे मनोरे बांधले. राधानाथ सिकदार १८३१ साली गणिती म्हणून खात्यात आला. पंधराव्या क्रमांकाचं शिखर जगात सगळ्यांत उंच असल्याचं त्याच्या गणनेतून पुढे आलं, १८५६ साली २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली आणि शिखराला नाव साहेबाचं मिळालं. मला या सगळ्यात राहून राहून आठवतात ते खलाशी. सर्व्हेत मजुराला खलाशी म्हणत, आजही म्हणतात. अर्धा टन पितळ डोंगरमाथ्यावर खांद्यावरून नेणारे, रात्री दिव्याची वात सांभाळत दुसऱ्या शिखरावर बसून राहणारे, तापाने झाडीत मरणारे. नकाशाच्या समासात अधिकाऱ्याचं नाव येतं, यांचं कुठेच येत नाही.

आपल्याकडच्या गडकोट फिरणाऱ्यांना या डोंगरी मोजणीची ओळख न सांगता झालेली असते. टोपोशीटवर, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या डोंगर-नद्या दाखवणाऱ्या पत्रकावर, माथ्याशी छोटा त्रिकोण, मधोमध ठिपका आणि शेजारी उंची दिसली की समजायचं, इथे कधीतरी यंत्र उभं राहिलं होतं. इंटरनेट नव्हतं तेव्हा ट्रेकर मंडळी या शीटच्या झेरॉक्स जपून ठेवत. त्या हातोहात फिरत, घड्यांवर चिकटपट्ट्या लागत. पुण्याचं ४७ एफ/१४ हे शीट पाठ असलेली माणसं मी पाहिली आहेत. सोंडेवर समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा) कुठे दाटल्या आहेत, खिंड कुठून फुटते, हे ते डोळे मिटून सांगत.

आता दुसरी गोष्ट, बांधावरची. ही फार कमी सांगितली जाते, आणि ती आपली आहे.

पेशवाई गेल्यावर दख्खनच्या जमिनीवर सारा किती बसवायचा हा इंग्रजांपुढचा पहिला प्रश्न होता. मोजणी आपल्याकडे नवी नव्हती. शिवकाळात काठीने जमीन मोजली जाई. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. पण त्या मोजणीतून उतरे ते आकड्यांचं आणि शब्दांचं दफ्तर. अमुक शेत, अमुक ओढ्याच्या पूर्वेस, अमक्याच्या शेताला लागून. शेताचा आकार काढून ठेवायची चाल नव्हती. गावाच्या शिवेचा वाद पडला तर शीव कुठून जाते हे सांगायचा मान महाराचा. पिढ्यान् पिढ्या ती शीव त्याच्या घराण्याच्या स्मरणात असे, आणि त्याची साक्ष पाटील-कुलकर्ण्याला मानावी लागे. ज्या माणसाला गावाने गावाबाहेर ठेवलं, त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरायची.

१८२० च्या दशकाअखेर प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे भागात मोजणी करून आकारणी बसवली. ती फसली. सारा न पेलल्याने लोक गावं सोडून पलीकडे निजामाच्या मुलखात गेले, जमिनी ओस पडल्या. सगळ्यांत जास्त झळ लागलेल्यांत इंदापूर तालुका होता. म्हणून १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नवी पद्धत तिथूनच सुरू केली. गोल्डस्मिड मुलकी अधिकारी, विंगेट लष्करातला इंजिनिअर. इंदापूरला जे बसलं तेच पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात नियम म्हणून आलं आणि मुंबई इलाख्यात पसरलं. आपला सर्व्हे नंबर तिथला, तीस वर्षांची मुदत तिथली.

यांचं हत्यार म्हणजे तेहतीस फुटी शंकू साखळी. तिचे सोळा आणे. म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठे म्हणजे एकर. आज पुण्याजवळ गुंठ्याचा भाव विचारणाऱ्या माणसाच्या तोंडी ती साखळीच असते, तिची लांबी-रुंदी त्या शब्दात जशीच्या तशी शिल्लक आहे.

टिपण, म्हणजे शेताच्या मोजणीचा मूळ कागद, कधी हातात आलं असेल तर आठवून पाहा. पिवळट कागद, मधून जाणारी एक लांब रेघ, ती शेताच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाते. तिच्यावर ठरावीक जागी डावी-उजवीकडे लंब टाकलेले, प्रत्येक लंबाच्या टोकाशी साखळ्या आणि आणे लिहिलेले. बांध जिथे वळतो तिथे लंब पोचतो. टिपण प्रमाणात काढलेलं नसतं, त्यावर पट्टी लावून काही कळत नाही. आकडे वाचायचे, त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडायचे, क्षेत्र काढायचं. लॅम्ब्टनचे त्रिकोण तीस-तीस मैलांचे आणि इथले दहा-वीस साखळ्यांचे, पण भूमिती तीच. भूमी अभिलेखातला जाणता भूमापक आजही टिपणावरून पडलेला बांध पुन्हा उभा करू शकतो. गाव नकाशा पुढे याच टिपणांतून जुळवला गेला.

मोजणीपाठोपाठ प्रतवारी. शेताचे सारखे भाग पाडायचे, प्रत्येक भागात खणून माती किती हात खोल आहे ते पाहायचं. पावणेदोन हात काळी असेल तर पहिली प्रत, सोळा आणे. तिथून उतरत उतरत नववी प्रत दोन आण्यांची. चुनखड, वाळू, उतार, पाणी धरणं असे दोष निघाले की प्रत एक-एक पायरीने खाली. प्रत्येक दोषाला ठरलेली खूण, ती त्या त्या भागात मांडायची. या जुन्या कागदांवर दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची मातीची खोली लिहिलेली आहे. आपल्या मातीचं पुढे काय झालं याचा अभ्यास करणाऱ्याला याहून मोठं घबाड मिळणार नाही, आणि ते रेकॉर्ड रूममध्ये बासनात बांधलेलं आहे.

या नकाशांत एक जागा मात्र कोरी राहिली. गावठाण. शेतं सगळी मोजली, ओढे मोजले, रस्ते मोजले, आणि माणसं जिथे राहत होती तिथे नुसता एक बंद आकार काढून आत गावठाण असं लिहिलं. तिथे सारा नव्हता. घर कुणाचं, बोळ कुठला, वाडा कुठे संपतो, याची सरकारला गरज नव्हती. मोठ्या गावांत पुढे सिटी सर्व्हे झाला, बहुतेक खेडी तशीच राहिली. उताऱ्यावर शेताचा गुंठा न् गुंठा आहे आणि ज्या घरात जन्मलो त्याची हद्द तोंडी, ही स्थिती महाराष्ट्रातल्या लाखो घरांनी कालपरवापर्यंत भोगली आहे. भावकीतल्या कितीतरी भांडणांचं मूळ या कोऱ्या जागेत आहे असं मला वाटतं.

दोन्ही मोजण्या एकत्र करता आल्या असत्या का? आल्या असत्या. आयर्लंडमध्ये त्या झाल्या. तिथे १८२५ पासून ब्रिटिश ऑर्डनन्स सर्व्हेने सबंध बेट सहा इंचाला एक मैल या प्रमाणावर मोजायला घेतलं आणि साधारण वीस वर्षांत पुरं केलं. कारण तिथेही करच होता. पण वरचे त्रिकोण आणि खालची शिवार-हद्द एकाच खात्याने, एकाच चौकटीत बसवली. एव्हरेस्ट रजेवर असताना ते काम पाहून आला होता. पायारेषा मोजायच्या नव्या दांड्या त्याने तिथलंच बघून आणल्या. शेताचा नकाशा त्रिकोणांवर बसवण्याची रीत मात्र दख्खनमध्ये आली नाही. इथे गाव नकाशा आपल्यापुरता खरा असायचा. त्याला अक्षांश नाही, रेखांश नाही. शेजारच्या गावाचा नकाशा त्याला लावला तर शिवेवर फट पडते नाहीतर एकावर एक चढतात.

डोंगरावरच्या खात्याची घडी आणखी दोनदा बसली. १८७८ साली त्रिकोणमितीय, स्थलवर्णनात्मक आणि महसुली अशा तीन सर्व्हे शाखा एकत्र होऊन आजचं सर्व्हे ऑफ इंडिया झालं; दख्खनची बांधावरची मोजणी मात्र यात आली नाही. आणि १९०४-०५ च्या समितीनंतर सबंध देशाची एक-इंची (एक इंचाला एक मैल) रंगीत मालिका आखली गेली. आपण जे टोपोशीट ओळखतो ते तिथून आलं. चार अंश बाय चार अंशांच्या चौकटीला क्रमांक, तिचे सोळा भाग ए ते पी, त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा. तपकिरी समोच्चरेषा, निळं पाणी, हिरवं जंगल, पिवळी लागवड, लाल रस्ते. स्वातंत्र्यानंतर मैल जाऊन किलोमीटर आले, एक-इंचीची जागा पन्नास हजारीने घेतली. पण शीटवरचा पहारा गेला नाही. सीमेलगतची आणि किनारपट्टीची शीटं सामान्य माणसाला मिळायची नाहीत. कोकणातल्या मुलाला आपल्याच गावामागचा डोंगर कागदावर पाहायची परवानगी नव्हती. फ्रान्समध्ये कासिनी घराण्याने चार पिढ्या खपून काढलेला नकाशा, स्कॉटलंडमध्ये १७४७ ते ५५ दरम्यान बंडखोर डोंगराळ मुलूख काबूत ठेवण्यासाठी केलेली लष्करी मोजणी, हीसुद्धा सत्तेचीच कामं होती. पण आज ती दोन्ही कुणालाही घरबसल्या पाहता येतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तर जुना नकाशा आजच्या उपग्रह चित्रावर ठेवून वर-खाली सरकवायची सोय दिली आहे. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा परक्या देशातल्या शेतांवरून बराच वेळ फिरत बसलो. मनात एकच, हे आपल्याला कधी मिळणार.

जे मिळालं तेही परदेशातून. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात भारत-पाकिस्तानची अडीच लाखी मालिका काढली, तिचा मुख्य आधार सर्व्हे ऑफ इंडियाचीच पत्रकं. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती मालिका स्कॅन करून सर्वांना मोकळी केली. त्यातलं पुणे-सोलापूरकडचं पत्रक मी उतरवून घेतलं, कारण माझ्या आईचं माहेर तिथे होतं. उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी एक.

त्या पत्रकावर यशवंतसागर, म्हणजे उजनीचा जलाशय, नाही. भिगवण आहे, इंदापूर आहे, आणि दोहोंच्या वरून वळणं घेत जाणारी भीमा आहे, एका निळ्या रेघेची. आज तिथे फ्लेमिंगो पाहायला होड्या जातात. धरण १९८० च्या सुमारास पुरं झालं आणि ती रेघ मैलोन् मैल पसरली. माझ्या पिढीने हे पाणीच पाहिलं आहे, नदी पाहिलेलीच नाही. मी ते पत्रक मोठ्या कागदावर छापून मामांकडे नेलं. ते आता पुनर्वसनाच्या गावठाणात राहतात. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं.

“ही भीमा? आरं, एवढी बारीक कुठं व्हती ती? पावसाळ्यात ह्या टोकाचा मानूस त्या टोकाला दिसायचा न्हाई.”

मग रेल्वेचा रूळ सापडला, डिकसळचा पूल सापडला. पुलाच्या अलीकडे-पलीकडे कोणकोणती गावं, ती त्यांनी एका दमात म्हणून दाखवली. त्यांतली निम्मी नकाशावर होती. नंतर त्यांनी विचारलं, “आपली हीर कुठंय?”

“मामा, एवढं बारीक यात दाखवत नाहीत. यात गाव म्हणजे नुसता ठिपका.”

ते उठले. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. पुनर्वसनाच्या कज्ज्यासाठी कधीतरी काढलेली गाव नकाशाची प्रत, अमोनिया प्रिंट, निळसर जांभळी, घडीवर फाटलेली. तीवर आमचा सर्व्हे नंबर होता. मामांनी पेन्सिलीने विहीर मांडली, बांधावरची चिंच मांडली, वाट मांडली जिथून आई शाळेत जायची. त्या कागदावर उत्तर दिशेचा बाण होता, पण नदीपलीकडचं गाव नव्हतं, रेल्वे नव्हती, डोंगर नव्हता. शिवेपाशी जग संपत होतं.

आम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकावर सगळा मुलूख होता आणि आमचं शेत नव्हतं. दुसऱ्यावर आमचं शेत होतं आणि मुलूख नव्हता. आणि हे शेत त्याच इंदापूर तालुक्यातलं, जिथे ती साखळी पहिल्यांदा पडली.

त्यानंतर मी ते दोन कागद संगणकावर एकावर एक बसवायचा उद्योग केला. अशा कामाला जिओरेफरन्सिंग म्हणतात. जुन्या नकाशावरची खूण आणि आज जमिनीवर असलेली तीच खूण, अशा जोड्या शोधायच्या, म्हणजे नकाशाला जागा मिळते. पण खुणाच पाण्याखाली असतील तर? देवळं कामी आली. उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ शिखरासकट बाहेर येतं. उपग्रह चित्रांत दुष्काळी वर्षांचा उन्हाळा निवडला की पाण्याच्या कडेला जुन्या बांधांच्या रेघा दिसू लागतात. त्यांवर गाव नकाशा बसवताना तो एका बाजूला जुळतो आणि दुसऱ्या बाजूला सरकतो.

हे सरकणं समजून घेतलं पाहिजे, कारण आज ते घरोघर भांडणं लावतं आहे. गाव नकाशे आता ऑनलाइन आले आहेत. माणूस मोबाइलवर आपला गट उघडतो आणि बघतो तर रेघ शेजाऱ्याच्या विहिरीवरून चालली आहे. लगेच मोजणीचा अर्ज, मग कोर्ट. पण ती रेघ साखळीच्या आण्यांतून आली आहे, टिपणांवरून गाव नकाशा जुळवताना थोडी वाकली आहे, कापडावर चिकटवलेला कागद शंभर उन्हाळे-पावसाळे आकसला-फुगला आहे, मध्ये गट एकत्रीकरण झालं आहे, आणि मग स्कॅन होऊन ती उपग्रह चित्रावर ताणून बसवली आहे. टोपोशीटचंही तसंच. ती एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पृथ्वीच्या जुन्या मापावर आखलेली, जीपीएसचं माप वेगळं. रूपांतर न करता ठेवलं तर सगळं शीट पुष्कळ मीटर बाजूला जातं. पडद्यावर पिक्सेल स्पष्ट दिसतो म्हणून हद्द तितकी अचूक होत नाही. हे सांगणारी एक ओळ प्रत्येक ऑनलाइन नकाशाखाली ठळक छापायला हवी होती.

समासाबद्दलही मला बोलायचं आहे. स्कॅन चढवणारे लोक एकसंध चित्र मिळावं म्हणून नकाशाचा समास कापतात. तिथेच मोजणीचं वर्ष असतं, कोणत्या तुकडीने कोणता भाग मोजला त्याची छोटी आकृती असते, चुंबकीय उत्तर किती सरकली ते असतं, कुठला भाग नव्याने मोजला आणि कुठला जुन्यावरून उतरवला हे असतं. समास कापलेला नकाशा म्हणजे तारीख फाडलेलं पत्र. त्यात काय लिहिलंय ते वाचता येतं, पण ते कधीचं खरं हे कळत नाही, आणि जुन्या नकाशाकडे आपण जातो ते नेमकं तेवढ्यासाठीच.

अलीकडे चांगलं पुष्कळ झालं आहे, तेही सांगायला हवं. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी एक आणि लोकांसाठी एक अशा दोन मालिका केल्या. २०१७ मध्ये ‘नक्षे’ पोर्टलवर लोकांची मालिका मोफत उतरवून घ्यायची सोय झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे काढण्यावरची आणि वापरण्यावरची बरीच बंधनं उठली. आणि २०२० पासून स्वामित्व योजनेत सर्व्हे ऑफ इंडियाचे ड्रोन गावठाणांवरून उडू लागले. महाराष्ट्रात याची सुरुवातीची चाचणी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली होती. घरांभोवती चुन्याची रेघ मारायची, वरून छायाचित्रं घ्यायची, खाली भूमी अभिलेखाचा माणूस घरमालकाला उभा करून हद्द विचारतो. लॅम्ब्टनचं खातं आणि विंगेटचं खातं, दोन्ही एकाच गल्लीत. ती कोरी जागा भरली जाते आहे. शेताच्या मोजणीलाही आता साखळी आणि प्लेन टेबल मागे पडून रोव्हर आला आहे, तो उपग्रहांशी आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या कायम केंद्रांशी बोलून बांधाला थेट अक्षांश-रेखांश देतो.

पण हे सगळं आजचं आणि उद्याचं. मामांची विहीर त्यात नाही. आजचं अधिकृत शीट उघडलं तर तिथे निळा रंग भरलेला आहे. ती विहीर ज्या कागदावर छापलेली असणार तो म्हणजे धरणापूर्वीचं एक-इंची शीट, कारण त्या प्रमाणावर विहिरी निळ्या ठिपक्यांनी दाखवतात. एका कार्यालयात मी जुनी आवृत्ती मागितली तर “नवी आलीय की, जुनी कशाला पाहिजे?” असं उत्तर मिळालं. उत्तर देणारा माणूस वाईट नव्हता. जुन्या आवृत्तीला काही किंमत असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

कोयना, उजनी, जायकवाडी, पानशेत. या प्रत्येक पाण्याखाली मोजलेली शेतं आहेत. त्यांची टिपणं कुठल्या ना कुठल्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत, त्यांची धरणापूर्वीची शीटं कुठल्या ना कुठल्या कपाटात आहेत. माझं मागणं एवढंच आहे. महाराष्ट्राच्या एक-इंची मालिकेच्या सगळ्या आवृत्त्या, पहिल्या छपाईपासून, समासासकट, पूर्ण रिझोल्युशनमध्ये स्कॅन करून सर्वांना खुल्या कराव्यात. आणि बुडालेल्या गावांची टिपणं त्यांच्याशेजारी ठेवावीत, प्रतवारीच्या पानांसह. ओळखपत्र, अर्ज, शुल्क काही न मागता. मामा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्या वयाची माणसं आहेत तोवरच त्या ठिपक्यांमधली कोणती विहीर कुणाची, हे विचारून लिहून घेता येईल. या उन्हाळ्यात मी वही घेऊन त्यांच्याकडे पंधरवडाभर राहायला जाणार आहे. ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांनी आपापल्या घरातल्या म्हाताऱ्यांपाशी गाव नकाशाची प्रत घेऊन बसावं, पेन्सिल त्यांच्या हातात द्यावी, आणि ते काय काय मांडतात त्याचा दिनांक घालून फोटो काढून ठेवावा.